टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. आमच्या शाळेत मराठी बोललं की पाच रुपये फाईन असायचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मराठी सेक्शनला यंदा कविता भरपूर आल्यात (एकट्या पावसावर अकरा!), म्हणून मला 'काहीतरी सिरियस लिही' असा हुकूम झाला. मी म्हटलं, ब्रेक्झिटवर लिहिते. एडिटरसाहेब हसायलाच लागले. "अगं, त्याला दहा वर्षं होत आली. शिळ्या कढीला कशाला ऊत आणतेस?"

शिळी आहे हे मान्य. पण आमच्या घरात ती कढी अजून गरम आहे. का, ते पुढे येईलच.

सुरुवात मशीन ड्रॉइंगपासून करते. सेकंड इयरला मी शाफ्ट आणि बुशची एक शीट काढली होती. रात्री दोनपर्यंत जागून, लाईनवर्क एकदम झकास. सरांनी बघितली आणि लाल पेनने आडवी रेघ मारली. म्हणाले, "टॉलरन्स कुठेय?" मी म्हटलं, "सर, शाफ्ट ४० एमएमचा लिहिलाय ना." सर म्हणाले, "४० म्हणजे किती? ३९.९ केला तर खुळखुळेल, ४०.१ केला तर बसणार नाही. शॉपमधल्या माणसाने काय करायचं, तुला फोन करायचा? चुकीचं माप दिलंस तर निदान चूक सापडते. मापच दिलं नाहीस तर तो माणूस मशीन बंद करून बसेल." शीट परत. (ती शीट माझ्याकडे अजून आहे. राग गेलेला नाही.)

आता ब्रिटनकडे चला. २३ जून २०१६ ला तिथे सार्वमत झालं. मतपत्रिकेवर प्रश्न साधा होता: युरोपियन युनियनचं सदस्य राहायचं की युनियन सोडायची? १ कोटी ७४ लाख लोक म्हणाले सोडायची, १ कोटी ६१ लाख म्हणाले राहायचं. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान कॅमेरॉन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि पाऊंड १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, जनरल नॉलेजच्या पुस्तकात येतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. सोडायची म्हणजे सोडून कुठे जायचं? नॉर्वे युनियनमध्ये नाही, पण युरोपच्या बाजारात आहे. त्यासाठी पैसे भरतो, त्या बाजाराचे नियम पाळतो आणि तिकडच्या लोकांना येऊन काम करू देतो. तुर्कस्तानची युनियनशी कस्टम्स युनियन आहे, म्हणजे फॅक्टरीच्या मालाला आपसात ड्यूटी नाही, पण बाकी बाजारात त्याला तशी जागा नाही. कॅनडाने नुसता व्यापार करार केला. आणि यातलं काहीच नसेल तर मग डब्ल्यूटीओचे दर, म्हणजे गाडीवर सरळ १० टक्के ड्यूटी. ही चार वेगवेगळी ड्रॉइंग्ज झाली, आणि मतदान यातल्या एकावरही झालं नव्हतं. नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांना विचारलं की ब्रेक्झिट म्हणजे नक्की काय, तर उत्तर यायचं, ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट. व्हायव्हात मी असं उत्तर दिलं असतं तर?

यात एवढं काय, होईल हळूहळू, असं वाटू शकतं. मलाही वाटलं असतं. पण गाडी कशी बनते ते बघा. बीएमडब्ल्यूच्या मिनी गाडीचा क्रँकशाफ्ट घ्या. त्याचं कास्टिंग व्हायचं फ्रान्समध्ये. मग तो खाडी ओलांडून इंग्लंडमध्ये वॉरिकशरच्या हॅम्स हॉल प्लांटला यायचा, तिथे ड्रिलिंग-मिलिंग व्हायचं. मग परत खाडी ओलांडून जर्मनीत म्युनिकला, तिथे तो इंजिनात बसायचा. मग ते इंजिन पुन्हा खाडी ओलांडून ऑक्सफर्डला, जिथे गाडी तयार होते. ती गाडी युरोपात विकली गेली की क्रँकशाफ्टची चौथी ट्रिप. एवढं फिरून कुठे ड्यूटी नाही, कुठे कस्टम्सचा फॉर्म नाही, कारण सगळा एकच बाजार. आपण पुण्याहून नाशिकला माल पाठवतो तसं.

आणि हे सगळं जस्ट-इन-टाइम. होंडाच्या स्विंडन प्लांटला युरोपातून रोज साडेतीनशे ट्रक यायचे आणि लाईनवर माल असायचा साधारण तासाभराचा. तासाभराचा! आमच्या घरी गॅस सिलिंडरसुद्धा एक जास्तीचा असतो. अशा फॅक्टरीला डोव्हर बंदरावर ट्रक किती वेळ थांबेल हे कळलंच पाहिजे. दहा मिनिटं थांबेल म्हणा, ती त्याप्रमाणे प्लॅन करेल. दोन दिवस थांबेल म्हणा, गोदाम बांधेल किंवा सप्लायर बदलेल. 'बघू' म्हटल्यावर ती काय करणार?

आता घरची गोष्ट. माझ्या पप्पांचं भोसरी एमआयडीसीत छोटं शॉप आहे. टर्निंगचं जॉबवर्क. तेव्हा एक सीएनसी, एक जुना लेथ आणि चार माणसं होती. चाकणच्या एका कंपनीला आम्ही बुश पुरवायचो. ती कंपनी तो बुश आपल्या असेंब्लीत घालून इंग्लंडला पाठवायची आणि तिथली कंपनी पुढे गाड्यांच्या फॅक्टऱ्यांना. म्हणजे आम्ही सप्लायरच्या सप्लायरचे सप्लायर. ब्रिटनच्या पार्लमेंटला आमचं शॉप दिसायचं काही कारण नाही.

२०१८ च्या दिवाळीनंतर शेड्यूल वाढायला लागलं. जानेवारी २०१९ मध्ये डबल झालं. पप्पा जाम खूश. त्यांनी लोन काढून सेकंडहँड सीएनसी आणलं, लातूरकडची दोन मुलं कामाला ठेवली, नाईट शिफ्ट सुरू केली. मी सातवीत होते, मला गिअरची सायकल मिळाली. लेथवाले काका म्हणायचे, "पोरी, तुझ्या पायगुणाने आलंय हे." पायगुण कसला डोंबलाचा! युनियनमधून बाहेर पडायची तारीख २९ मार्च २०१९ होती आणि करार पार्लमेंटमध्ये अडकला होता. ड्यूटी लागेल, बंदरं तुंबतील, या भीतीने तिकडचे लोक मिळेल तो माल गोदामात भरून ठेवत होते. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हाला वाटलं धंदा वाढला.

बोटीला महिना लागतो. त्यामुळे २९ मार्चच्या आत पोचायचा माल फेब्रुवारीतच निघून गेला आणि मार्चच्या सुरुवातीला चाकणहून मेल आला. पप्पांनी मला हाक मारली, "तुला इंग्लिश मीडियमला कशाला घातलंय? वाच." मी मोठ्या रुबाबात वाचला आणि अर्थ सांगितला, की ब्रेक्झिटबद्दल स्पष्टता येईपर्यंत पुढचा डिस्पॅच होल्ड करा.

पप्पा म्हणाले, "स्पष्टता येईपर्यंत म्हणजे कधी?"

मी मेल परत वरून खालपर्यंत वाचला. तारीख नव्हती. तिसऱ्यांदा वाचला. खरं सांगते, मला वाटलं माझंच इंग्लिश कमी पडतंय, कुठेतरी लिहिलेलं असणार आणि मला कळत नाहीये.

लंडनमध्येही कोणाला कळत नव्हतं, हे मला खूप नंतर समजलं. १५ जानेवारीला मे बाईंचा करार पार्लमेंटने २३० मतांनी पाडला. मार्चमध्ये आणखी दोनदा पाडला. २७ मार्चला, म्हणजे बाहेर पडायच्या दोन दिवस आधी, खासदारांनी आठ पर्याय मतदानाला घेतले आणि आठच्या आठ पडले! मूळ गाठ आयर्लंडची होती. १९९८ च्या शांतता करारानंतर उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यामधली सीमा जवळजवळ नावालाच उरली होती. तिथे पुन्हा चौकी नको, उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामध्ये समुद्रातही चौकी नको, आणि कस्टम्स युनियनमधून तर बाहेर पडायचं. तिन्ही अटी एकदम बसतच नाहीत. पण मतपत्रिकेवर यातलं काही छापलेलं नव्हतं.

मग तारीख २९ मार्चवरून १२ एप्रिल, १२ एप्रिलवरून ३१ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबरवरून ३१ जानेवारी २०२०. सबमिशनची डेट पुढे गेली की आपण कॅन्टीनमध्ये जल्लोष करतो. फॅक्टरीला तसं करता येत नाही. मिनीच्या ऑक्सफर्ड प्लांटचं मेंटेनन्स शटडाऊन दरवर्षी उन्हाळ्यात असतं. ब्रेक्झिटचा गोंधळ झाला तर तो बंद काळातच होऊन जावा, म्हणून त्यांनी ते २०१९ पुरतं १ एप्रिलपासून चार आठवडे असं अलीकडे ओढलं. जग्वार लँड रोव्हरनेही (ही २००८ पासून आपल्या टाटांची) एप्रिलमध्ये आठवडाभर काम बंद ठेवलं. शटडाऊन ठरल्याप्रमाणे झालं. ब्रेक्झिट झालंच नाही! कामगारांच्या सुट्ट्या, कॉन्ट्रॅक्टर, सगळं महिनोन्‌महिने आधी ठरलेलं, ते कसं हलवणार? त्या एका एप्रिलमध्ये ब्रिटनचं कारउत्पादन आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ४४.५ टक्क्यांनी पडलं. ड्यूटी एका पैशाची लागली नव्हती. कायद्यात काडीचा बदल झाला नव्हता. जे घडलंच नाही त्याच्या तयारीत अर्धं उत्पादन गेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. लोक ब्रेक्झिटचा हिशेब ड्यूटीने करतात, इतके टक्के लागली, इतके वाचले. 'बघू' या शब्दाची किंमत कुठल्याच कॉलममध्ये येत नाही, आणि ती कोण भरतं हे त्याहून येत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये निस्सानने सरकारला सरळ विचारलं की आमच्या संडरलँडच्या फॅक्टरीचं काय? सरकारने त्यांना पत्र लिहून धीर दिला. सात हजार माणसं कामाला असलेल्या कंपनीला पत्र मिळतं. भोसरीला पत्र कोण लिहिणार? थर्ड इयरला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये 'बुलव्हिप इफेक्ट' शिकवला. चाबकाची मूठ जराशी हलली की टोक केवढं उडतं, तसं गिऱ्हाइकाच्या मागणीतला छोटा बदल मागे मागे जाताना मोठा होत जातो. बोर्डवर बाणांची आकृती होती आणि मी बाकावर बसून एप्रिल २०१९ बघत होते. आम्ही टोकाला होतो. डबलचं शेड्यूल एकदम शून्य झालं, कारण इंग्लंडच्या गोदामात आमचेच बुश महिनोन्‌महिने पुरतील इतके पडून होते. नव्या सीएनसीवर प्लास्टिक टाकलं. हप्ता चालू. जूनमध्ये लातूरची मुलं गेली. त्यातल्या धाकट्याने जाताना माझ्या सायकलची चेन नीट बसवून दिली होती, ते उगाच आठवतं. सगळं ब्रेक्झिटच्या माथी मी मारत नाही. त्याच वर्षी आपल्याकडेही गाड्यांची विक्री पडली होती, भोसरीत शेजारपाजारची शॉप्सही रिकामी होती. पण शेजाऱ्यांनी ऐन जानेवारीत लोन काढलं नव्हतं.

माझा कॉम्प्सचा एक मित्र आहे, तो या सगळ्यावर भडकतो. म्हणतो, "तू नुसतं बुश-बुश करतेस. लोकांनी स्वतःचे कायदे स्वतः करायचे म्हणून मत दिलं. टिळकांनी स्वराज्य मागितलं तेव्हा सोबत कस्टम ड्यूटीचं टेबल जोडलं होतं का?" याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. अजूनही अर्धंच आहे. संडरलँडमध्ये निस्सानची एवढी मोठी फॅक्टरी, तिथला बराच माल युरोपात जातो, तरी ६१ टक्के लोकांनी 'सोडा' म्हटलं. पेपरवाले त्यांना अडाणी म्हणतात, ते मला पटत नाही. पगारापेक्षा दुसरं काही मोठं वाटण्याचा त्यांना हक्क आहे. शिवाय जाणकारांचे अंदाजही चुकले होते. सार्वमताच्या आधी ब्रिटनचं अर्थखातं म्हणत होतं की 'सोडा' म्हटलंत तर लगेच वर्षभर मंदी येईल. ती आली नाही. निस्सान पळून गेली नाही. उलट २०२१ मध्ये संडरलँडला इलेक्ट्रिक गाड्या आणि बॅटरीसाठी मोठी गुंतवणूक जाहीर झाली. होंडाने स्विंडन बंद केलं, पण कारण ब्रेक्झिट नाही असं कंपनीनेच सांगितलं. ब्रिटनमध्ये २०१६ ला १७.२ लाख गाड्या बनल्या, २०१९ ला १३ लाख. त्यात डिझेल गाड्यांचा खप पडल्याचाही हात आहे. कोविड तर त्यानंतरचा.

तरी टिळकांची उपमा मला पटत नाही. ब्रिटन १९७३ मध्ये स्वतःच्या पायाने आत गेला होता आणि १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के लोकांनी 'राहू या' म्हटलं होतं. गुलामगिरीतून सुटणं आणि भागीदारी मोडणं यात फरक आहे. भागीदारी मोडताना हिशेबाची वही आधी उघडतात. लोकांनी मत द्यावं, जरूर द्यावं, पण ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी उत्तराचं ड्रॉइंग तयार ठेवायला हवं होतं. कॅमेरॉन यांनी 'सोडा' आलं तर काय याचा आराखडाच करून ठेवला नव्हता. सरांनी त्यांची शीटही परत केली असती.

आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितेय? या 'बघू'मध्ये वेळेवर काम करणारा मूर्ख ठरतो. आपल्या चार्जरवर सीई हा शिक्का असतो ना, तो युरोपचा. ब्रिटनने त्याऐवजी १ जानेवारी २०२१ पासून स्वतःचा यूकेसीए शिक्का आणला. सुरुवातीला एक वर्षाची मुदत होती. प्रामाणिक कंपन्यांनी पुन्हा टेस्टिंग केलं, पुन्हा सर्टिफिकेट काढलं, डाय बदलल्या. मग मुदत वर्षाने वाढली. मग आणखी दोन वर्षांनी. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की बऱ्याचशा मालाला सीई चालेल, अमुक तारखेपर्यंत असं काही नाही. ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते हुशार ठरले! आपल्या हॉस्टेलमध्ये जर्नल शेवटच्या रात्री कॉपी करणारी जमात आहे, त्यांचं तत्त्वज्ञान एका देशाने सिद्ध करून दाखवलं.

खुद्द व्यापार करार झाला २४ डिसेंबर २०२० ला. जुनी व्यवस्था संपणार होती ३१ डिसेंबरला. चार वर्षं वाट बघायला लावून तयारीला उरला एक आठवडा, तोही ख्रिसमसचा. ड्यूटी शून्य ठेवली, पण एक अट घातली. गाडी खाडी ओलांडताना तिच्या किमतीतला निदान ५५ टक्के भाग ब्रिटन किंवा युनियनमध्ये तयार झालेला हवा, नाहीतर १० टक्के लागणार. पूर्वी आमचा बुश एकदा इंग्लंडच्या बंदरात ड्यूटी भरून उतरला की त्याची जात कोणी विचारत नसे. आता त्याची गणना 'बाहेरच्या' मालात होते. पप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ठीक आहे. हे कळतं तरी." आणि खरंच, अट कळल्यावर सहा महिन्यांत चाकणच्या कंपनीने नवीन रेट ठरवला, थोडा कमी, आणि शेड्यूल सुरू झालं. पूर्वीइतकं नाही. पण महिन्याच्या महिन्याला येतं.

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. आपल्या जवळजवळ ९९ टक्के वस्तूंवरची ड्यूटी ब्रिटन काढणार. युनियनमधून बाहेर पडल्यामुळेच ब्रिटनला असा स्वतंत्र करार करता आला, हेही माझ्या कॉम्प्सच्या मित्राच्या बाजूने लिहून ठेवते. रात्री जेवताना टीव्हीवर बातमी चालली होती. मम्मी म्हणाली, "चला, आता तरी दुसरं मशीन घ्या." पप्पांनी मला मोबाईल दिला. "वाच गं, लागू कधीपासून आहे."

मी वाचलं. सह्या झाल्या होत्या, दोन्हीकडची मंजुरी बाकी होती, पुढे बरंच काही लिहिलेलं होतं. लागू व्हायची तारीख त्यात नव्हती. या वेळी मी एकदाच वाचलं.

पप्पांनी मान हलवली आणि टेम्पोवाल्याला सकाळी किती वाजता ये ते सांगायला फोन लावला.